ते माझ्यात नाही

शलाका, तू घराचं काम काढते आहेस असं कळलं,
म्हणून हे. वाच, आणि मग तुझं तू ठरव.

पहिल्या दिवशी तो चहा घेणार नाही.
बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करेल,
कान लावेल डॉक्टरसारखा
आणि म्हणेल, पोकळ आहे.
ऐरोलीत सेक्टर तीनमध्ये कुणाची भिंत भरीव आहे?
घाबरू नकोस. पण तिथल्या तिथे हो म्हणू नकोस.

आमचा हसुराम मढवी.
चार लाख दहा हजार, पंचवीस दिवस,
वहीच्या फाडलेल्या पानावर,
पाठीमागे दुसऱ्याच कुणाच्या स्लॅबचा हिशेब.
ते पान मी फ्रिजला चिकटवलं.
मग फ्रिजच गॅलरीत गेला, पान त्याच्याबरोबर,
आणि आम्ही दोघं एकाहत्तर दिवस
एका खोलीत, शेगडी, देव
आणि इस्त्रीच्या टेबलासकट.

धूळ कुठे कुठे जाते ते कुणी सांगत नाही.
झाकण लावलेल्या साखरेत जाते.
माझ्या शालूच्या घडीत.
यांच्या श्रवणयंत्रात.
यांनी ते काढूनच ठेवलं. ड्रिलपुरतं, म्हणाले.
मग म्हणाले, असंच बरं वाटतंय.

"ते माझ्यात नाही" हे ऐकायची तयारी ठेव.
जुन्या लाद्या फोडणं त्याच्यात,
गोण्या भरून टेम्पोत टाकणं नाही.
नळ आहे, नळामागचा पाइप नाही.
दार आहे; कडी, ताई, ती तुमच्या आवडीची.
तेव्हा लिहून घे. पाइप कोणत्या कंपनीचा,
रंगाचे हात किती, राबिट कोण उचलणार.
भिंत बुजवण्याआधी आतल्या पाइपांचे फोटो काढ,
नाहीतर पुढे एक खिळा ठोकताना
देव आठवतील.
पैसे तारखेवर देऊ नकोस, झालेल्या कामावर दे,
आणि शेवटचे चाळीस हजार मुठीत ठेव.
तेवढ्यांसाठीच तो फोन उचलतो.

माणूस वाईट नाही, हेही लिहिते.
बेचाळिसाव्या दिवशी मोरीचा उतार उलटा निघाला,
पाणी जाळीकडे जायचं सोडून माझ्या पायाशी आलं.
मी नको ते बोलले, आईवरून नाही, पण जवळपास.
तो उकिडवा बसला, स्वतःच छिन्नी घेतली,
नव्या कोऱ्या नऊ लाद्या फोडल्या.
त्या नऊ बिलात कुठे दिसल्या नाहीत.

स्वयंपाकघराची जमीन खचली होती ना,
ती खणली तेव्हा खालून काळा चिखल आला,
ओला, खाडीचा वास असलेला,
आणि त्यात शिंपले. मूठभर, अख्खे.
बाबूलाल लादीवाला राजस्थानचा, तो बघतच राहिला.
हसुराम म्हणाला, आमचं खाजण इकडंच कुठंतरी होतं,
बाबा दाखवायचा, पण तेव्हाच बिल्डिंगी उभ्या होत्या,
नेमकं कुठं ते त्यालाही कळायचं नाही.
मी विचारलं, पैसे किती मिळाले होते?
"ते माझ्यात नाही, ताई.
माझ्या जन्माच्या आधीचं."
हसला, आणि मालात रेती कमी म्हणून
बाबूलालवर ओरडत बाहेर गेला.
त्यावर आता पांढरी व्हिट्रिफाइड आहे, दोन बाय दोन.
पाय घसरतो. रंग निवडताना दुकानात लाइट होते,
घरात वेगळीच दिसते.

एकूण पाच लाख शहाऐंशी. विचारशीलच, म्हणून.
सहा लाद्या जास्तीच्या घे, पलंगाखाली ठेव,
पुढच्या वर्षी तो रंग बंद होतो.

आणि आता खरं कारण.
तुझी मोरी माझ्या देवांवर येते.
लादी बसवण्याआधी पाणी तुंबवून ठेवायला लाव,
दोन दिवस, दोन रात्री.
तो म्हणेल एक रात्र पुष्कळ झाली.
ऐकू नकोस.
कोणत्या दोन रात्री ते आधी कळव,
यांना खुर्ची टाकून देवांपाशी बसवीन,
नजर छताला.
थेंबाचा आवाज यांना येणार नाही,
पण ओल दिसते यांना, फार लवकर दिसते.